तीस बाय साठचं शेड

अंकली, ता. चिकोडी
कार्तिक वद्य पंचमी

चि. रेणूस अनेक आशीर्वाद.

बेळगावजवळच्या मच्छेच्या शेडला टोकन देऊन झालं, हे मला शामूकडून कळलं. परवा फोनवर मी जे बोललो ते त्याच रागात. आता ते सोड. त्याने नकाशा दाखवला. ३० बाय ६०, म्हणजे १८०० चौरस फूट, आणि १६ फुटी फायबरच्या बोटी करायला ही जागा रग्गड झाली असं तुझं म्हणणं. तुझ्या दम्याचं मी या पत्रात काढणार नाही, तसा आईला शब्द दिलाय. फक्त जागेचं लिहितो.

बोट १६ बाय ६ ची धर. मोल्डच्या, म्हणजे साच्याच्या, चारी बाजूंनी ४ फूट मोकळे लागतात, नाहीतर रोलर आणि बादली घेऊन दोघं फिरू शकत नाहीत. म्हणजे एका मोल्डला २४ बाय १४, ३३६ चौरस फूट. तेवढीच जागा वरच्या डेकच्या मोल्डला. मोल्डमधून निघालेलं हल, म्हणजे बोटीचं खालचं अंग, कुठेतरी ठेवायला हवं, तिथेच कडा कापायच्या, घासायच्या, ती तिसरी जागा. आणि बेंच, फोम, कडी-कोयंडे बसवायला चौथी. झाले १३४४. काचेच्या धाग्यांची मॅट कापायचं टेबल आणि त्याभोवती फिरायला १४०, ती ज्यात भिजवायची त्या रेझिनला १००, मॅटच्या रोलांना ६०. उरले १५६, आणि गेटपर्यंत बोट न्यायची वाट अजून धरलेलीच नाही. रग्गड कुठलं?

शिवाय सुरुवातीचे दोन-तीन महिने प्लगही असणार, म्हणजे ज्यावरून मोल्ड घेतात तो बोटीचा नमुना. प्लग, त्याच्यावर घेतलेला मोल्ड, आणि मोल्डची लोखंडी फ्रेम, सगळं एकाच वेळी जमिनीवर. मोल्ड नीट उतरला, त्यातून दोन हल काढून बघितले, की प्लग फोडून टाक. जपून ठेवायचा मोह होतो आणि एक अख्खी जागा वर्षानुवर्षं अडते. मोल्डच्या फ्रेमला चाकं लाव, कुलूप लागणारी.

गेट नकाशात भिंतीच्या मध्यभागी, १० फुटी दिसतं. ट्रॉलीवरच्या बोटीला ८ फूट पुरतात, पण सरळ रेषेत. कोपऱ्यातून तिरकी आणायची तर आत आणखी १२ फूट मोकळे हवेत. म्हणून फिटिंगची जागा गेटच्या सरळ रेषेत ठेव आणि मोल्ड कडेला. बाहेर जीप आणि ट्रॉली मिळून ३५ फूट लांबी होते. ती वळायला अंगण हवं. समोरच्या कारखान्याची गाडी आडवी उभी राहत असेल तर तुझी बोट आतच.

पुढे २२ फुटी करायची म्हणतेस. तिची रुंदी ८ धरली तर एका मोल्डला ३० बाय १६, म्हणजे ४८०. बोट सहा फुटांनी वाढली आणि जागा जवळजवळ दीडपट झाली. रस्त्यावर २.६ मीटरच्या आतच राहा, त्यापुढे परवानगीचं लफडं, आणि चोर्ला घाटाच्या वळणांवर वेगळंच.

उंची नकाशात लिहिलेलीच नाही. हल मोल्डमधून सरळ वर उचलायचं असतं. मोल्ड साडेतीन फूट, त्यावर तीन फुटांचं हल पूर्ण बाहेर यायला हवं, वर पट्टे आणि चेन ब्लॉकचे तीन-साडेतीन. हुक १० फुटांवर तरी हवा, म्हणजे कडेचा पत्रा १२ ते १४ वर. आणि चेन ब्लॉक भाड्याच्या शेडच्या ट्रसला अडकवू नको. तो ट्रस पत्र्याच्या वजनाचा हिशेब धरून केलेला असतो, चिकटून बसलेल्या मोल्डच्या ओढीचा नाही. चार पायांची सुटी गँट्री करून घे, चाकांवर.

आता हवा. ही जागेतच मोजायची, म्हणून लिहितो. ११ चौरस मीटरच्या हलला ४५० ग्रॅमच्या मॅटचे पाच थर म्हणजे २५ किलो मॅट. हातकामात रेझिन त्याच्या सुमारे अडीच पट, ६० किलो, बाहेरचा गुळगुळीत थर म्हणजे जेलकोट, तो सात-आठ किलो वेगळा. रेझिनमध्ये तिसरा हिस्सा तरी स्टायरिन, हे उडून जाणारं द्रव्य, असतं, म्हणजे २० किलो. सगळं उडत नाही, पण उडतं ते हवेपेक्षा जड. वर जात नाही, खाली बसतं. बोटीचा मोल्ड म्हणजे पातेलंच. वाफ तळाशी साचते, आणि कोपऱ्यात रोलर मारायला वाकलेलं तोंड नेमकं तिथेच. छपराला लावलेले पंखे म्हणून उपयोगाचे नाहीत. एक्झॉस्ट जमिनीपासून फूट-दीड फुटावर हवेत. ३० बाय ६० बाय १४ म्हणजे २५,२०० घनफूट. तासाला बारा वेळा हवा बदलायची तर मिनिटाला ५,००० घनफूट, म्हणजे १८ इंची दोन तरी, आणि मोटर फ्लेमप्रूफ. साधी नको. स्टायरिनची वाफ ठिणगीने पेटू शकते तो फ्लॅश पॉइंट ३१-३२ अंशांवर आहे, एप्रिलमधल्या पत्र्याखाली तेवढं सकाळी दहालाच होतं. ताजी हवा तुझ्या पाठीकडून येऊन मोल्डवरून पलीकडे गेली पाहिजे. तुझ्या तोंडावरून नाही. मास्क कार्बनच्या कार्ट्रिजचा. रुमाल बांधून वास अडत नाही, आणि तुझ्यासारखीला तर

झालं, काढलंच शेवटी. माफ कर. तू गोव्याच्या यार्डात पाच वर्षं काढलीस, तुला हे माहीत आहे. पण ते यार्ड उघडं होतं, रेणू, समुद्राचा वारा होता. मच्छेला चार भिंती आहेत.

आणि बेळगावचा पाऊस. जून ते सप्टेंबर हवेत एवढं पाणी असतं की मॅट ओलावा धरते आणि रेझिनने भिजल्यावरही पांढरे डाग तसेच राहतात. म्हणून लोक शटर ओढतात, खिडक्या लावतात. माल वाचतो, वाफ आत राहते. त्यापेक्षा खिडक्यांवर आठ-आठ फुटी पत्र्याची पडवी काढ, म्हणजे पाऊस आत येणार नाही आणि खिडकी लावावी लागणार नाही. मॅटचे रोल जमिनीपासून दोन फूट वर, बंद खोलीत, बल्ब चालू ठेवून. थंडीतल्या सकाळी १५ अंशांच्या खाली काम सुरू करू नको. मग रेझिन घट्ट करणारा हार्डनर वाढवून घाई करायचा मोह होतो. तो एक ते दोन टक्केच. अंधारात अंदाजाने ओतायचा नाही. बादलीत दोन किलो घोळ उरला तर तो तापून धूर धरतो, आतच ठेवलास तर आगच. बाहेर वाळूवर पसरून टाक.

हार्डनर आणि त्याचा वेग वाढवणारं कोबाल्ट एका कपाटात नकोत. थेट एकमेकांत पडले तर स्फोट होतो. रेझिनची १०० चौरस फुटांची खोली आत, हार्डनरची छोटी कोठी शेडबाहेर, सावलीत. म्हणजे अंगणाचा आणखी एक तुकडा गेला.

घासायचं काम पश्चिमेला. थंडीच्या महिन्यांत वारा बहुतेक पूर्वेचा, आणि तुझं मुख्य काम त्याच महिन्यांत. काचेची धूळ मोल्डवर बसली तर पुढच्या बोटीच्या जेलकोटला टाचणीसारखी भोकं पडतात. मध्ये जाड प्लास्टिकचा पडदा टाकला तरी चालतो, पण पूर्ण छपरापर्यंत.

मामा म्हणतो, मळीतली जागा फुकट आहे, नदीकाठी, बोटीला पाणी जवळ. त्याचं ऐकू नको. १६ फुटी बोटीला नदी लागत नाही, ट्रॉली लागते. गळती बघायची तर बोटीतच पाणी भर, गळेल तिथे बाहेर दिसतं. खरी चाचणी हिडकलच्या धरणात. राकसकोपचं नाव काढू नको, ते शहराच्या पिण्याचं पाणी. मळी २०१९ ला पाण्याखाली होती, २०२१ लाही. आणि काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. फरशी हलली की मोल्ड पिळतो, आणि पिळलेल्या मोल्डमधून निघालेली प्रत्येक बोट एका बाजूला ओढते. मच्छेची तांबडी जमीन त्या मानाने चांगली. हे तुझं बरोबर होतं.

२००५ ला आजीला काहिलीतून आणलं तेव्हा तू तिच्या मांडीवर होतीस. गुळाची काहील, चार जण पोहत ढकलत होते. पूर आला की या काठाला बोट आठवते, हे तू नेमकं ओळखलंस. पण त्याचाच अर्थ असा, की बोटी माघ-फाल्गुनात तयार होतील आणि गिऱ्हाईक जूनमध्ये येईल. तोवर चार बोटी ठेवायला प्रत्येकी १८ बाय ८. बेंच आणि फोम बसल्यावर त्या एकात एक बसत नाहीत. अंगणात ताडपत्रीखाली ठेवशील तर तीन ठिकाणी टेकू दे, दोनच दिलेस तर मध्ये पोट सुटतं. आणि मागचं बूच काढून ठेव.

म्हणून माझा हिशेब: शेड १८०० चालेल, पण अंगण २,००० चं तरी धर, आणि करार करताना पडवी काढायची परवानगी लेखी घे. मालक 'नंतर बघू' म्हणाला तर टोकन गेलं तरी चालेल. पैसे मी देतो. नानाला सांगू नको.

आई बरी आहे. भडंग पाठवलंय.

तुझा,
बाबा

ता. क. पूर्वेच्या खिडक्या जमिनीपासून किती उंच आहेत ते टेपने मोजून कळव. आणि पंप कामाच्या डगल्याच्या खिशात ठेवत जा, बॅगेत नको. कुठल्या खिशात असतो ते पोरांना दाखवून ठेव.