गृहपाठाचे गुण वहीवर नकोत, तोंडी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इयत्ता तिसरीपासून कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय) शिकवणार असल्याचे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले आणि त्यासाठी २०२६-२७ हे वर्ष ठरले. अभ्यासक्रम कसा असावा, प्रशिक्षण कोण देणार, याची चर्चा सुरू आहे, ती व्हायलाच हवी. पण एआय विषय म्हणून वेळापत्रकात येण्याची वाट मुलांनी पाहिलेली नाही. विचारले ते लिहून देणारे चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आले. आज आठवी-नववीच्या वर्गात निबंध, पत्रलेखन, प्रकल्प असे काहीही घरी करायला दिले की त्यातल्या बऱ्याच वह्यांत सारख्याच चालीचा मजकूर येतो: सुरुवातीला व्याख्या, मग पाच मुद्दे, शेवटी ‘थोडक्यात सांगायचे तर’. अक्षर मुलाचे असते, कारण त्याने ते मोबाइलवरून उतरवून काढलेले असते. अशा वहीला गुण देताना नेमके कशाला गुण देतो आहोत, हे आधी ठरवायला हवे.

पुष्कळ शाळांनी यावर ‘एआयने लिहिलेले ओळखणारे सॉफ्टवेअर’ शोधायला सुरुवात केली आहे. तो मार्ग कृपा करून सोडावा. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच असे साधन जानेवारी २०२३ मध्ये काढले होते. त्यांच्या स्वतःच्या चाचणीत त्याने यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के मजकूर पकडला आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर खोटा ठपका ठेवला. जुलै २०२३ मध्ये ते मागे घेतले गेले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त निबंध त्यांनी यंत्राचे ठरवले. साधे शब्द आणि सरळ वाक्ये दिसली की ही साधने संशय घेतात. आपली मुले इंग्रजी लिहितात ते नेमके असेच. प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या मुलीला भर वर्गात चोर ठरवण्यापेक्षा दहा जणांची नक्कल सुटलेली परवडली.

उपाय आपल्याच मूल्यमापन पद्धतीत आहे. पहिली ते आठवीच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात ‘तोंडी काम’ हे आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या, मूल्यमापनाचे साधन २०१० पासून आहे. सहावीला आकारिक आणि संकलितचा (सत्राअखेरच्या परीक्षेचा) भार निम्मा-निम्मा असतो, पहिली-दुसरीला आकारिक ७० टक्के. म्हणजे जागा आहे, पण ती भरली जाते प्रकल्पाच्या वह्यांनी. माझी मागणी एवढीच की घरून आलेल्या कोणत्याही कामाला वही पाहून गुण देऊ नयेत, वही समोर ठेवून विचारलेल्या दोन प्रश्नांवर द्यावेत.

५० मुलांच्या वर्गात हे कसे जमणार, असे विचारले जाईल. प्रत्येकी २ मिनिटे धरली तर १०० मिनिटे, म्हणजे ३५ मिनिटांच्या तीन तासिका. बाकीची मुले तेवढा वेळ वर्गकार्य करू शकतात. पहिला प्रश्न वहीतल्याच एखाद्या शब्दावर असावा: ‘हे तू इथे लिहिलेस, म्हणजे काय?’ दुसऱ्या प्रश्नात काहीतरी बदलून विचारावे. वहीत वर्गसमीकरण सोडवलेले आहे, बेरीज ७ आणि गुणाकार १२, म्हणून ३ आणि ४. आता गुणाकार १० केला तर? ज्याने स्वतः सोडवले तो २ आणि ५ म्हणायला दहा सेकंद घेतो. ज्याने उतरवले तो वहीकडे पाहत राहतो. अशा मुलाला शून्य देऊन विषय संपवू नये. तिथेच फळ्यावर एक उदाहरण सोडवून घ्यावे आणि आठवड्याने पुन्हा विचारावे.

प्रकल्पाचा विषयही बदलावा लागेल. नववी-दहावीच्या जलसुरक्षा या विषयात ‘आपल्या गावातील जलस्रोत’ असा विषय दिला की ‘गावात नदी, विहिरी व कूपनलिका हे प्रमुख जलस्रोत आहेत’ असे कोणत्याही गावाला लागू पडणारे पान येते. त्याऐवजी मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, दोराला दगड बांधून, विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर दर महिन्याच्या १ तारखेला मोजायला सांगावे. डिसेंबर ते मार्च अशा चार नोंदी, शेजारी पावसाळ्यात पाणी कुठवर चढले होते याचे घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले उत्तर, आणि त्यावर आलेख. हे चार आकडे जगातल्या कोणत्याही यंत्राकडे नाहीत. आलेख काढायला यंत्राची मदत घेतली तरी चालेल, कारण विहिरीपर्यंत पाय मुलाचेच गेले.

एआय शिकण्याला मारकच आहे, असे मला म्हणायचे नाही. तुर्कस्तानात नववी ते अकरावीच्या जवळपास १,००० विद्यार्थ्यांवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गणितात प्रयोग केला. थेट उत्तर देणारे एआय हाताशी असताना मुलांचा सराव ४८ टक्क्यांनी सुधारला, पण ते काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा तीच मुले एआय न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. उत्तर न देता फक्त पुढची पायरी सुचवणारे, शिक्षकांनी तयार केलेल्या सूचनांवर चालणारे एआय ज्यांना दिले, त्यांच्या बाबतीत हे नुकसान जवळपास दिसले नाही. पालकांनी एवढी एकच गोष्ट केली तरी पुष्कळ आहे: मुलाने प्रश्न टाकण्याआधी ‘उत्तर सांगू नकोस, माझी चूक कोणत्या पायरीवर झाली तेवढेच सांग’ हे वाक्य टाकायची सवय लावावी आणि मुलाने आपले अर्धवट का होईना सोडवलेले उदाहरण सोबत द्यावे.

आता मराठी माध्यमाचा खास प्रश्न. देवनागरीत हिंदी मजकूर मराठीच्या कितीतरी पट उपलब्ध असल्यामुळे ही यंत्रे मराठी लिहिताना हिंदी परिभाषेकडे घसरतात. ‘दोन भिन्नांची बेरीज करताना हर समान करा’ असे वाक्य सराव-पत्रिकेत येते. आपल्या मुलाला अपूर्णांक आणि छेद माहीत असतात, ‘भिन्न’ म्हणजे त्याच्या लेखी वेगळे. लसाविच्या जागी ‘लघुत्तम समापवर्त्य’, घनफळाच्या जागी ‘आयतन’, वर्गसमीकरणाच्या जागी ‘द्विघात समीकरण’, दशांशाच्या जागी ‘दशमलव’. मोठ्यांना हे किरकोळ वाटते. पण गणिताशी आधीच झगडणारे पाचवीतले मूल इथेच पेन खाली ठेवते, आणि त्याला गणित आले नाही असा शेरा पडतो.

व्याकरणात तर फारच जपावे. यंत्र मजकूर अक्षरांनी वाचत नाही, त्याचे तुकडे पाडून वाचते, म्हणून अक्षरे मोजणे, लघु-गुरू लावणे, गण पाडणे यात ते वारंवार चुकते. ‘शिक्षक’ हा शब्द घ्या. ‘शि’ ऱ्हस्व आहे, पण पुढे ‘क्ष’ हे जोडाक्षर असल्याने तो गुरू होतो. गुरू, लघु, लघु, म्हणजे भ गण. यंत्र ऱ्हस्व वेलांटी पाहून तीन लघु धरते आणि आत्मविश्वासाने न गण सांगते. वृत्ताचा अभ्यास यावरून केलेले मूल परीक्षेत हमखास गुण घालवते.

शिक्षकांना मात्र सराव-पत्रिका बनवताना एआयचा चांगला उपयोग होतो. धड्याचा मजकूर आधी द्यावा, ‘फक्त याच मजकुरावरून’ असे बजावावे, सोबत त्या घटकातले दहा-पंधरा मराठी पारिभाषिक शब्द द्यावेत आणि सोपे, मध्यम, कठीण असे प्रत्येकी पाच प्रश्न मागावेत. मग प्रत्येक उदाहरण स्वतः हाताने सोडवावे. बहुपर्यायी प्रश्नांत दोन पर्याय बरोबर निघतात, किंवा बरोबर पर्याय बाकीच्यांपेक्षा लांब असतो आणि मुले लांबीवरूनच तो ओळखतात. मुलाच्या प्रगतीच्या वर्णनात्मक नोंदी मात्र यंत्राकडून लिहून घेऊ नयेत. तयार नोंदींच्या याद्या उतरवण्याची खोड आधीच आहे, आणि ज्याने मुलाला पाहिलेलेच नाही त्याने त्याचे निरीक्षण काय लिहावे? वहीचा फोटो चढवायचा असेल तर नाव, हजेरी क्रमांक, आधार झाकून चढवावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक धरला आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. युनेस्कोने तर वर्गात अशी साधने वापरण्यासाठी किमान १३ वर्षे वय सुचवले आहे. म्हणजे साधारण आठवीच्या आधी मुलांच्या हाती ते देऊच नये, शिक्षकाने फळ्यासमोर उभे राहून सर्वांना मिळून दाखवावे.

शिक्षण विभागाने येत्या जूनपूर्वी दोन कामे करावीत. पहिले, घरच्या कामाचे गुण तोंडी प्रश्नांवर देण्याचे स्पष्ट परिपत्रक. तशी कागदी सोय असल्याशिवाय एकटा शिक्षक वहीला कमी गुण देऊ शकत नाही, दुसऱ्या दिवशी पालक दारात असतात. दुसरे, बालभारतीच्या पुस्तकांतली इयत्तावार, विषयवार परिभाषा आणि धड्यांचा मजकूर युनिकोडमध्ये खुला करावा. जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफमधून मजकूर उचलला की काना-वेलांट्या विस्कटतात, मग तो पुन्हा टाइप करत बसावे लागते, आणि कंटाळून शिक्षक धडा न देताच यंत्राला प्रश्न मागतो. मुलांच्या पत्रिकेत ‘हर’ येतो तो तिथून.

आपली विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षिका, सातारा