‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात काय लिहायचे?

संपादक महोदय,

‘समलिंगींनी मिरवणूक खुशाल काढावी, पण लग्नाचा हट्ट कशाला?’ अशा आशयाचे पत्र या सदरात वाचले. मी राष्ट्रीयीकृत बँकेत 34 वर्षे नोकरी केली, त्यातली बरीचशी ठेव विभागात. त्यामुळे माझे उत्तर जरा कारकुनी आहे, गोड मानून घ्यावे.

माझा मुलगा आणि त्याचा जोडीदार कोथरूडला 11 वर्षे एकत्र राहतात. फ्लॅट मुलाच्या नावावर, हप्ता दोघांचा निम्मा-निम्मा. दोन वर्षांपूर्वी जोडीदाराचे अपेंडिक्स फुटले. रात्री दीड वाजता रुग्णालयाच्या काउंटरवर मुलाने ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात ‘मित्र’ लिहिले. बाईंनी फॉर्म परत सरकवला, “नातेवाईक आणा.” जोडीदाराचे आईवडील लातूरला, आणि त्यांनी बोलणे टाकून सहा वर्षे झालेली. शेवटी मी रिक्षा करून गेले, सही केली आणि नात्यापुढे ‘मावशी’ लिहिले. सही जुळत नाही म्हणून आयुष्यभर लोकांचे चेक परत करणारी मी, त्या रात्री धडधडीत खोटे लिहून मोकळी झाले.

17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायमूर्तींनी विवाह हा मूलभूत हक्क नाही, कायदा करायचा तर संसदेने करावा, असे सांगितले. जानेवारी 2025 मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. मधल्या काळात कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने कळवले की अशा जोडीदारांना संयुक्त खाते उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. शिधापत्रिकेसाठीही त्यांना एकाच घरातले धरावे. छान झाले. (संयुक्त खाते कोणाही दोघांना आधीही उघडता येत होतेच, पण असो.)

मात्र नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे वाक्य मी काउंटरवर बसून हजारदा तरी म्हटले असेल. नॉमिनी पैसे हातात घेतो. ते कोणाचे हे वारसा कायदा ठरवतो. उद्या माझा मुलगा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याची वारस मी. वय 68. निम्मा हप्ता भरणारा त्या यादीत शेवटच्या ओळीतही नाही.

मृत्युपत्र केले आहे. शेजारच्या काकांनी साक्षीदार म्हणून सही केली आणि “अहो, आम्हाला केव्हाचं ठाऊक आहे” म्हणून चहा मागितला. पण हयातीतच मुलाला घराचा अर्धा हिस्सा जोडीदाराला द्यायचा असेल तर? महाराष्ट्रात राहते घर नवऱ्याने बायकोला बक्षीसपत्राने दिले तर मुद्रांक शुल्क 200 रुपये (स्थानिक अधिभार वेगळा). या दोघांना ते बाजारभावावर टक्क्यांनी बसेल, वर घेणाऱ्याला प्राप्तिकर, कारण कायद्याच्या लेखी ते परके. लग्नाचा ‘हट्ट’ आहे तो एवढ्यासाठी.

मिरवणुकीचे म्हणाल, तर पुण्यात ती 2011 पासून निघते आणि यंदा गुडघ्याला पट्टा बांधून मीही गेले. बरीच मुले रंगीबेरंगी होती, काही जण मात्र तोंडाला रुमाल बांधून कडेकडेने चालत होते. ढोल ऐकून बसच्या खिडकीतल्या एका आजींनी हात जोडले, बहुधा गणपतीची सवय.

जोडीदार खडखडीत बरा आहे. आधी मला काकू म्हणायचा, आता मावशी म्हणतो. पण पुढच्या वेळी माझी सत्तरी उलटलेली असेल, आणि रात्री दीड वाजता कोथरूडला रिक्षा मिळेलच असे नाही.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, पुणे

(कृपया नाव छापू नये. माझी हरकत नाही, पण मुलाच्या सोसायटीची निवडणूक तोंडावर आहे.)