पाच लाखांचा आकडा आला कुठून?

पुणे,
९ डिसेंबर २०२५

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "गिधाडं मेली म्हणून पाच लाख माणसं मेली? तुम्ही आकडेमोडवाले काहीही सिद्ध कराल." वर हेही ऐकवलंस, की ते डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन तू स्वतः गुरांचा डॉक्टर म्हणून नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत रोज टोचत होतास आणि गुरं उठून चालायला लागत होती. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर "पेशंट आलाय" म्हणून फोन ठेवलास. तुझे पेशंट दावणीला बांधलेले असतात, पळून जात नाहीत, पण असो. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी गिधाडांचं बोलू, माणसांकडे नंतर येतो.

भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे विभू प्रकाश यांनी १९८७-८८ च्या हंगामात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ घरटी मोजली होती. १९९६ च्या सुमारास ते पुन्हा मोजायला गेले तेव्हा निम्म्याहून जास्त घरटी गायब होती, आणि पुढच्या काही वर्षांत ती वसाहतच संपली. फांदीवर बसलेला पक्षी मान खाली टाकून दिवसच्या दिवस तसाच राहायचा आणि एक दिवस खाली पडायचा. पुढे देशभर गाड्यांतून ठरलेल्या रस्त्यांवर मोजणी झाली. १९९२ ते २००७ या काळात हजारातलं जेमतेम एक पांढऱ्या पाठीचं गिधाड उरलं होतं. लांब चोचीच्या आणि बारीक चोचीच्या जातींची गतही फार वेगळी नव्हती. जगात कुठलाही जंगली पक्षी इतक्या झपाट्याने गेल्याची उदाहरणं शोधावी लागतात.

सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, नवीन विषाणू आहे. वाटण्यासारखंच होतं. पसरण्याची पद्धत साथीसारखी होती आणि नेपाळ, पाकिस्तानातही तेच चाललं होतं. आपल्याकडून जैविक नमुने देशाबाहेर पाठवायची परवानगी मिळणं त्या वेळी महाकठीण, म्हणून पेरेग्रिन फंड या अमेरिकी संस्थेने पाकिस्तानच्या पंजाबात काम उभं केलं. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतले लिंडसे ओक्स हे पशुवैद्यक, म्हणजे तुझ्याच जातकुळीतले. त्यांनी मेलेली गिधाडं उघडली तर काळजावर, यकृतावर, मूत्रपिंडावर खडूसारखा पांढरा थर. युरिक आम्ल. तपासलेल्या २५९ पक्ष्यांपैकी २१९ जणांत हेच. मूत्रपिंड निकामी झालंय हे उघड होतं, पण कशाने? विषाणू तपासले, जिवाणू तपासले, कीटकनाशकं, शिसं, सगळं तपासलं. हाती काही नाही.

इथून पुढचं मला फार आवडतं. प्रयोगशाळेत उत्तर मिळेना तेव्हा या लोकांनी प्रश्न उलटा केला. गिधाड खातं काय? मेलेलं जनावर. मग मरण्याआधी त्या जनावराला काय दिलं जातं? ते गुरांच्या डॉक्टरांकडे आणि औषधाच्या दुकानांत गेले आणि विचारलं, की अलीकडच्या काळात आलेलं, भरपूर खपणारं आणि मूत्रपिंडाला त्रास देऊ शकेल असं काय विकता? उत्तर आलं, डायक्लोफेनॅक. परत येऊन साठवलेले नमुने तपासले. पांढरा थर असलेल्या २५ पैकी २५ पक्ष्यांत औषध सापडलं, आणि दुसऱ्या कारणाने मेलेल्या १३ पैकी एकातही नाही. मग औषध दिलेल्या म्हशीचं आणि बकऱ्याचं मांस बंदिस्त गिधाडांना खाऊ घातलं, तीही तशीच मेली. हे २००४ च्या सुरुवातीला 'नेचर'मध्ये छापून आलं. ओक्स पुढे २०११ मध्ये गेले. मला कायम वाटतं, की या माणसाचं नाव आपल्याकडच्या पशुवैद्यकीच्या प्रत्येक पोराला माहीत असायला हवं. तुला माहीत होतं का? खरं सांग.

आता तुझा दुसरा मुद्दा, की "सगळ्याच जनावरांना थोडंच देत होतो". बरोबर, आणि देण्याची गरजही नव्हती. वहीच्या कोपऱ्यात करता येईल असा हिशेब देतो. गिधाड साधारण तीन दिवसांतून एकदा पोटभर जेवतं, म्हणजे वर्षाला सुमारे १२० जेवणं. समज, दोनशे मढ्यांपैकी एकाच मढ्यात मारक इतकं औषध आहे. प्रत्येक जेवणाला वाचण्याची शक्यता ०.९९५. ती १२० वेळा स्वतःशीच गुणली की उरते ०.५५. म्हणजे वर्षाकाठी शंभरातली ४५ गिधाडं संपली. प्रत्यक्ष मोजणीत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घट वर्षाला सुमारे ४४ टक्के आली होती! माझा हिशेब ढोबळ आहे, पण ब्रिटिश शास्त्रज्ञ ऱ्हिस ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हेच काटेकोरपणे मांडलं. त्यांच्या मते एक टक्क्याहूनही कमी मढी दूषित असली तरी एवढा नायनाट पुरेपूर समजावता येतो. त्यात ही जात वर्षाला एकच अंडं घालते आणि वयात यायला चार-पाच वर्षं घेते. एका मढ्यावर पन्नास-साठ जणांची पंगत बसते ती वेगळीच. म्हणून म्हणतो, तू एकट्याने काही केलंस असं नाही. दुखणाऱ्या जनावराला तू दुखण्याचं औषध दिलंस, त्या काळी ते योग्यच होतं. नव्वदीच्या दशकात पेटंट संपून ते इतकं स्वस्त झालं की लंगडणाऱ्या बैलाला, दूध आटलेल्या गाईला शेवटच्या आठवड्यातही टोचणं परवडायला लागलं. आपल्याकडे म्हातारं जनावर बहुधा दावणीलाच मरतं, आणि औषध अंगात असतानाच मरतं. 

आता माणसं.

तुमच्या गावाबाहेर मेलेली ढोरं टाकायचा माळ तुला आठवतच असेल. कातडं सोलून झालं की गिधाडं उतरायची आणि तासाभरात हाडं उरायची. ती हाडं नेणारेही यायचे. गिधाडं गेल्यावर ढोरं तशीच येत राहिली, पण खाणारे बदलले. कुत्री आणि उंदीर. गिधाडाच्या पोटातलं आम्ल इतकं तीव्र असतं की बहुतेक रोगजंतू तिथेच मरतात. कुत्र्याचं तसं नाही, शिवाय ते संध्याकाळी माणसांत परत येतं. २००८ मध्ये अर्थतज्ज्ञ अनिल मार्कंड्या आणि इतरांनी यावर पहिला मोठा हिशेब मांडला. १९९२ ते २००६ या काळात कुत्री किमान ५५ लाखांनी वाढली, त्यातून ३.८५ कोटी जादा चावे आणि ४७,३०० हून जास्त जादा रेबीज मृत्यू, असा तो अंदाज होता.

तुझ्या पाच लाखांचा आकडा मात्र यानंतरचा, वेगळ्या पद्धतीचा आहे. शिकागो विद्यापीठाचे इयाल फ्रँक आणि वॉरिक विद्यापीठाचे अनंत सुदर्शन, दोघंही अर्थतज्ज्ञ. २०२४ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त त्यांचा लेख आला. त्यांनी गिधाडांच्या अधिवासाचे नकाशे घेतले आणि भारतातल्या जिल्ह्यांवर ठेवले. काही जिल्हे असे, जिथे पूर्वी गिधाडं भरपूर असणार. काही असे, जिथे मुळातच कमी. डायक्लोफेनॅक स्वस्त होण्याआधी दोन्हीकडचे मृत्युदर बरोबरीने चालत होते. नंतर गिधाडांच्या जिल्ह्यांतला दर वर सरकला, सरासरी चार टक्क्यांहून जास्त, आणि दुसऱ्या गटातला नाही. २००० ते २००५ या काळाचं गणित मांडलं तर सुमारे पाच लाख जादा मृत्यू.

तू म्हणशील, त्या काळात शंभर गोष्टी बदलल्या. हो, पण देशभर बदललेली गोष्ट दोन्ही गटांना सारखीच लागू होते, ती वजाबाकीत उडते. उरतं ते फक्त जे एकाच गटात, त्याच सुमारास बदललं. शिवाय त्यांनी आजूबाजूचे पुरावेही पाहिले. रेबीजच्या लशीचा खप वाढला. नद्यांच्या पाण्यात प्राणवायू घटला आणि विष्ठेतले जिवाणू वाढले. आणि परिणाम सगळ्यात ठळक कुठे, तर गुरं भरपूर असलेल्या शहरी भागात, जिथे वेशीबाहेर ढोरांचा ढीग लागतो. एखादा आकडा खोटा असेल तर त्याला इतके जुळणारे शेजारी मिळत नाहीत, असं माझं मत.

पाच लाख हा आकडा तंतोतंत आहे का? माझा तसा दावा नाही आणि त्या दोघांचाही नाही. आपल्याकडची त्या काळातली मृत्यूनोंदणी तू जाणतोस, एकेका तालुक्यात मेलेल्या माणसाची नोंद व्हायला तेराव्यापर्यंत वाट बघावी लागायची. रेबीजचंच घे. वर्षानुवर्षं १८ ते २० हजार मृत्यू सांगितले जात होते, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) घरोघरी जाऊन केलेल्या नव्या पाहणीचा अंदाज वर्षाला ५,७२६ आहे. म्हणून पाच लाखांतले रेबीजने किती आणि घाण पाण्याने किती, हे मी पैज लावून सांगणार नाही. दिशा मात्र मला पटते. आणि एका पक्ष्यामुळे मृत्युदर सरकतो हे आधी मलाही चमत्कारिक वाटायचं, कारण त्या पक्ष्याने काय काम केलं ते कुठल्याच खात्याच्या हिशेबात नव्हतं. पगार नाही, बिल नाही, मग नोंद कुठून? मुंबईत डोंगरवाडीला पारशी समाजाला तो हिशेब सर्वांत आधी कळला. दोखम्यावर, म्हणजे शव ठेवायच्या बुरुजावर, गिधाडं येईनाशी झाल्यावर त्यांना आरशांनी ऊन एकवटायची सोय करावी लागली.

ओक्सच्या शोधानंतरचं काम अनेक देशांनी वाटून घेतलं, हे मला या सगळ्यात विशेष वाटतं. पर्यायी औषध मेलोक्सिकॅम आधी दक्षिण आफ्रिकेत तिथल्या गिधाडांवर तपासलं, मग आपल्याकडे. निष्कर्ष २००६ मध्ये छापले आणि त्याच वर्षी भारत, नेपाळ, पाकिस्तान या तिघांनी गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. आपले तीन देश एखाद्या गोष्टीवर एकाच वर्षी सहमत झाल्याचं दुसरं उदाहरण तुला आठवत असेल तर कळव. बांगलादेश २०१० मध्ये आला. शहाण्या युरोपचं काय, तर २०१३ मध्ये स्पेनने तेच औषध गुरांसाठी मंजूर केलं. २०२० मध्ये कॅटालोनियात एक काळं गिधाड मेलेलं सापडलं आणि तपासात डायक्लोफेनॅकच निघालं.

आणि आता तुझ्या कपाटाकडे येतो. २००६ नंतर माणसांसाठीच्या ३० मिलीच्या बाटल्या गुरांना टोचल्या जायच्या, हे तू माझ्यापेक्षा जास्त जाणतोस. म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची कुपी ३ मिलीपुरती मर्यादित केली. मग एसिक्लोफेनॅक हे दुसरं वेदनाशामक पुढे आलं. ते तर गाईच्या अंगात गेलं की डायक्लोफेनॅकच होतं! त्याच्यावर आणि कीटोप्रोफेन या आणखी एका वेदनाशामकावर बंदी यायला जुलै २०२३ उजाडलं, आणि तशाच निमेसुलाइडवर २०२४ ची अखेर. म्हणजे पहिल्या बंदीनंतर अठरा वर्षं आपण एकेका नावाच्या मागे धावतोय. माझा राग आहे तो इथे. गुरांचं नवीन वेदनाशामक बाजारात येण्याआधी ते गिधाडाला चालतं का हे तपासणं सक्तीचं असतं, तर ही रांग लागलीच नसती.

जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून ताडोबा आणि पेंचला गिधाडं आणली. सोडल्यानंतर त्यातली काही दगावलीही. नाशिककडे खोरीपाड्याला आणि गडचिरोलीत वनखातं 'गिधाड उपाहारगृह' चालवतं, औषध न दिलेली मढी तिथे ठेवतात. हे सगळं चांगलंच आहे, पण पिंजऱ्यात वाढवून सोडलेला पक्षी शंभर किलोमीटर उडून जिथे उतरेल तिथल्या ढोरात काय आहे, ते ठरतं तालुक्याच्या मेडिकल दुकानात.

म्हणून एक काम आहे तुझ्याकडे. तुझ्या दवाखान्यातल्या जुन्या वह्या आणि ओळखीच्या दुकानदारांची बिलं मिळून, गुरांना गेल्या काही वर्षांत कुठली वेदनाशामकं गेली याचा अंदाज निघेल का? दुकानाचं नाव नको, माणसाचं नको, तालुकाही नको. औषध, महिना आणि साधारण किती, एवढंच. माझ्याकडे एमएस्सीची दोन पोरं आहेत, त्यांना खऱ्या आकड्यांची भूक आहे आणि गोठ्याचा वास चालतो म्हणाली. पाणी न घालता आकडे दे. खाजगी डॉक्टर अजून काय टोचतात ते तुला माहीत असूनही तू सांगणार नाहीस हे मला कळतं. निदान मेलोक्सिकॅमचा खप वाढलाय की नाही, ते तरी कळेल.

आणि मेलोक्सिकॅम खरंच तितकं लागू पडतं का, यावर तुझं प्रामाणिक मत हवंय. शेतकरी "पहिल्यासारखा गुण येत नाही" म्हणतात असं मी ऐकतो. ते खरं असेल तर बंदीचे कितीही कागद निघोत, लोक जुनंच शोधणार.

संक्रांतीनंतर चार दिवस सुट्टी आहे, पोरांना घेऊन तिकडेच येतो. वहिनींना सांग, हुरडा असेल तर उत्तम, नसेल तर पिठलं-भाकरी चालेल. काकूंचा गुडघा कसा आहे? त्यांना माझा नमस्कार.

तुझाच,
अरविंद