खंडित नव्हे, उद्यापन!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एडगर अ‍ॅलन पो या अमेरिकी कवी-कथाकाराच्या जयंतीनिमित्त आपल्या पुरवणीत आलेला मजकूर वाचला. ‘पो टोस्टर’ची खंडित झालेली परंपरा २०१६ साली पुन्हा सुरू झाली, असे त्यात म्हटले आहे. यातले ‘खंडित’ मला खटकले आणि ‘पुन्हा सुरू’ तर अजिबात पटले नाही. (टोस्टर म्हणजे पाव भाजायचे यंत्र, एवढेच आमच्या घरी ठाऊक. इथे अर्थ, कुणाच्या तरी नावाने प्याला उंचावणारा.)

अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या वेस्टमिन्स्टर दफनभूमीत, पोच्या थडग्यापाशी, दर १९ जानेवारीला म्हणजे पोच्या जन्मदिवशी अंधार असतानाच एक माणूस यायचा. काळे कपडे, रुंद काठाची टोपी, तोंडाभोवती पांढरा मफलर. कोन्याकचा (फ्रेंच ब्रँडीचा) घोट घ्यायचा, उरलेली बाटली आणि तीन लाल गुलाब ठेवायचा की चालता व्हायचा. १९५० सालीच तिथल्या एका दैनिकात त्याचा ओझरता उल्लेख आहे. गुलाब पो, त्याची बायको व्हर्जिनिया आणि सासू मारिया क्लेम यांच्यासाठी असावेत, असा लोकांचा तर्क. कोन्याकच का, ते त्याचे त्यालाच माहीत. पोचे मोठे स्मारक १८७५ मध्ये दर्शनी बाजूला उभे राहिले, पण हा जायचा मागच्या मूळ जागी, जिथे १८४९ मध्ये मोजक्या माणसांनी पोला मूठमाती दिली होती.

मला त्याच्याइतकेच कौतुक त्याला पाहणाऱ्यांचे वाटते. पो हाउस या तिथल्या पोच्या घराच्या संग्रहालयाचे तेव्हाचे प्रमुख जेफ जेरोम निवडक मंडळींना घेऊन दफनभूमीतल्या चर्चमध्ये रात्र रात्र जागत, पण त्यांनी कधी त्याची वाट अडवली नाही की मफलर ओढला नाही. तो एक ठरावीक खूण करायचा. ती जेरोमनी जगाला सांगितली नाही. डिटेक्टिव्ह कथेचा जनक ज्याला म्हणतात, त्याच्या थडग्यावरचे रहस्य कुणी मुद्दाम उकलले नाही, याची गंमत वाटते.

१९९३ मध्ये त्याने चिठ्ठी ठेवली की मशाल आता पुढे सोपवली जाईल. १९९९ च्या चिठ्ठीतून कळले की मूळ माणूस आदल्या वर्षी वारला आणि काम मुलाकडे आले. मग सूर बदलला. २००१ ची चिठ्ठी चक्क अमेरिकी फुटबॉलवर! पोच्या ‘द रेव्हन’ कवितेवरून नाव घेतलेला गावचाच रेव्हन्स संघ न्यूयॉर्ककडून हरणार, असे भाकीत. (रेव्हन्स ३४–७ ने जिंकले.) २००४ मध्ये बहुधा इराक युद्धावरून फ्रान्सवर राग, फ्रेंच कोन्याक ठेवणे जिवावर येते, पण घराण्याची रीत म्हणून ठेवतो, अशी कुरकुर. बापाने नेमाने केलेली वारी मुलगा असाच पाय ओढत करतो. तरी केली, हे महत्त्वाचे.

२००९ मध्ये पोची जन्मद्विशताब्दी होती. त्या पहाटे तो आला, पुढच्या वर्षापासून आला नाही. २०११ मध्ये तोतये आले, पण खूण एकालाही जमली नाही. २०१२ मध्ये जेरोमनी परंपरा संपल्याचे जाहीर केले. दोनशेवे वर्ष साधून थांबणे याला खंड पडणे म्हणत नाहीत. आपल्याकडे व्रताचे उद्यापन करतात, मला तरी हे तसेच दिसते.

आणि ‘पुन्हा सुरू’ काय झाले? मेरीलँडच्या इतिहास संस्थेने स्पर्धा घेऊन नवा टोस्टर निवडला. २०१६ मध्ये तो आला तो १६ तारखेला, शनिवारी, दिवसाउजेडी, लोकांसमोर व्हायोलिन वाजवत. तिथी सोडून सोयीचा वार! कार्यक्रम म्हणून रंगला असेल, त्याला माझी ना नाही. पण अर्ज मागवून नेमलेल्या माणसाला त्या जुन्या माणसाचा वारस म्हणू नये, इतकेच.

आपला,
एक वाचक, मिरज

ता. क. लेखासोबत छापलेले चित्र करड्या मानेच्या आपल्या गावकावळ्याचे आहे. पोच्या कवितेतला रेव्हन पक्षी अंगभर काळाकुळकुळीत आणि आकाराने पुष्कळ मोठा असतो. पिंडाला शिवतो तो हा नव्हे.