वक्ररेषा एकदम सुधारताना जमिनीची पातळी हरवू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आयटीआयच्या ड्राफ्ट्समन सिव्हिल ट्रेडचे आणि पॉलिटेक्निकच्या स्थापत्य शाखेचे प्रवेश दर पावसाळ्याच्या तोंडावर सुरू होतात. नागपुरात तीस वर्षांहून अधिक काळ नकाशे काढण्यात आणि तपासण्यात घालवलेला आरेखक म्हणून या मुलांच्या शिक्षणातील एका उणिवेकडे मला आपल्या वृत्तपत्रातून लक्ष वेधायचे आहे. ऑटोकॅड या नकाशे काढण्याच्या संगणक प्रणालीत एक वक्ररेषा कशी काढावी हे माझ्याकडे कामाला येणाऱ्या बहुतेक मुलामुलींना उत्तम येते. परंतु शे-दोनशे वक्ररेषा एकाच आज्ञेने सुधारल्या की त्यांचे नेमके काय होते, हे क्वचितच कोणी सांगू शकते. प्रत्यक्ष कामात मात्र पहिल्या आठवड्यापासून हेच करावे लागते.

टोटल स्टेशन या मोजणी यंत्राने मोजलेल्या बिंदूंवरून संगणक समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या आणि आम्ही ज्यांना कंटूर म्हणतो त्या रेषा, तयार करतो. त्या सरळ तुकड्यांच्या, कोनाकोनांच्या असतात आणि अनेक ठिकाणी तुटलेल्या असतात. ड्रॉइंग बोर्डच्या काळात ट्रेसिंगवर फ्रेंच कर्व्ह ही वळणदार पट्टी ठेवून प्रत्येक रेषा हाताने गोलावावी लागे, त्यामुळे शेजारी लिहिलेला पातळीचा आकडा आपोआप डोळ्यांखालून जाई. आता ऑटोकॅडला पीएडिट ही रेषा सुधारण्याची आज्ञा देऊन मल्टिपल हा पर्याय निवडला की सगळ्या रेषा एकत्र धरता येतात आणि पुढची आज्ञा सगळ्यांना सारखीच लागू होते. ही सोय मोठी आहे आणि तिच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. माझा आग्रह तिचे आतले काम समजून घेण्यापुरता आहे.

रेषा गोलावण्यासाठी या आज्ञेत फिट आणि स्प्लाइन असे दोन पर्याय आहेत. फिट केलेली वक्ररेषा मूळच्या प्रत्येक बिंदूतून जाते, पण दोन बिंदूंच्या मध्ये ती बाहेर फुगू शकते. स्प्लाइन दिसायला अधिक सुबक असते. मात्र पहिला आणि शेवटचा बिंदू सोडला तर मधल्या बिंदूंतून ती जात नाही, त्यांच्याकडे नुसती ओढली जाते आणि तीव्र वळण आतून कापते. आपल्याकडील सपाट जमिनीवर याने फारसे बिघडत नाही. दोनशेला एक, म्हणजे दोनशे मीटरला एक मीटर, असा उतार असेल तर उंचीच्या अर्ध्या मीटरच्या अंतराने काढलेल्या समोच्च रेषा एकमेकींपासून १०० मीटरवर पडतात, आणि त्यांतली एखादी २ मीटर सरकली तरी पातळीत अवघ्या १ सेंटिमीटरचा फरक येतो. नाल्याच्या काठावर मात्र उतार दोनास एक असतो, त्याच रेषा एकेक मीटरवर येतात आणि ४० सेंटिमीटर सरकलेली रेषा पातळी २० सेंटिमीटरने चुकवते. म्हणजे ज्या नकाशात शेत आणि नाला दोन्ही आहेत, तिथे सगळ्या रेषा एकत्र निवडून स्प्लाइन करणे म्हणजे जिथे चूक परवडत नाही नेमकी तिथेच ती करणे होय. तशात पुढे कोणी रेषा कापणाऱ्या ट्रिम किंवा ब्रेक या आज्ञा वापरल्या की डीकर्व्ह हा वळण काढून टाकणारा पर्याय वापरून मूळ रेषेकडे परत जाण्याची वाटही बंद होते.

दुसरा धोका जोडणीत आहे, आणि तो मी स्वतः अनुभवला आहे. शहराच्या दक्षिणेकडील एका लेआउटच्या नकाशात दोन वेळच्या मोजणीचे तुकडे जोडायचे होते. दोन्हीकडच्या रेषांच्या उंचीत काही मिलिमीटरचा फरक असल्याने जॉइन होत नव्हते. आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलाने सगळ्या रेषा निवडल्या. प्रॉपर्टीजच्या चौकटीत एलिव्हेशनपुढे, म्हणजे उंचीपुढे, व्हेरीज असे दिसत होते, तिथे त्याने शून्य लिहिले आणि फझ डिस्टन्स, म्हणजे किती अंतरावरची टोके जोडायची ती मर्यादा, १ मीटर ठेवून जोडणी केली. रेषा लगेच जोडल्या गेल्या. नाल्याकाठी शेजारशेजारच्या, वेगळ्या उंचीच्या रेषांची टोकेही एकमेकांत मिसळली. वेगवेगळ्या उंचीच्या रेषा एकमेकींना जोडू न देणारी उंचीच त्याने काढून घेतली होती. नंतर लेबल वाचून रेषांना पुन्हा उंची दिली गेली आणि नकाशा अतिशय देखणा झाला. ३०६.२० पातळीचा मोजलेला बिंदू ३०६.५ आणि ३०७ या रेषांच्या मध्ये बसलेला दिसला, तेव्हा चूक उघड झाली. तोवर नाल्याकडे जाणाऱ्या गटारीचा लांबछेद, म्हणजे तिच्या लांबीभरच्या पातळ्या दाखवणारा नकाशा, तयार होत आला होता. त्या मुलाला मी दोष देत नाही, कारण व्हेरीज या शब्दाचा अर्थ ‘येथे अनेक वेगवेगळ्या किमती आहेत, त्या पुसू नका’ असा असतो, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

२३ सप्टेंबर २०२३ रोजी अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्या पुराची कारणे नकाशातल्या रेषांहून फार मोठी आहेत. पण त्यानंतर आपल्या घराचे जोते नाल्याच्या काठापेक्षा किती उंच आहे हे विचारायला येणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांना द्यायचे उत्तर याच रेषांवरून काढले जाते.

म्हणून प्रात्यक्षिक परीक्षा घेणाऱ्यांना माझी विनंती आहे की, एक कोरा प्लॅन काढायला देण्याबरोबरच तीसेक तुटक्या समोच्च रेषा आणि मोजलेले बिंदू असलेली तयार फाइलही विद्यार्थ्याला द्यावी. मूळ रेषांची प्रत कुलूपबंद लेयरवर, म्हणजे नकाशाच्या बदलता न येणाऱ्या वेगळ्या थरावर, ठेवली का, नाल्याकाठच्या रेषा वेगळ्या हाताळल्या का, फझ डिस्टन्स रेषांमधील अंतरापेक्षा बराच कमी ठेवला का आणि जोडणीनंतर प्रत्येक बिंदू योग्य दोन रेषांच्या मध्येच राहिला का, हे पाहून गुण द्यावेत. लेआउटचे नकाशे मंजूर करणाऱ्या कार्यालयांनीही गोलावलेल्या रेषांसोबत मूळ रेषांचा लेयर मागवावा. तपासणाऱ्याने दोन्ही एकावर एक ठेवून पाहिले तर अशी चूक पाच मिनिटांत दिसेल.

आपला विश्वासू,
एक ज्येष्ठ आरेखक, नागपूर