भुताचा दुसरा भाग

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या चित्रपट पुरवणीत भयपटांच्या दुसऱ्या-तिसऱ्या भागांची बोळवण बहुधा ‘गल्लाभरू’ या एका शब्दात केली जाते. हे चित्रपट गल्ल्यासाठीच काढलेले असतात, याबद्दल वाद नाही. परंतु त्यांपैकी बरेचसे फसतात ते भुताचा खुलासा करण्याच्या हव्यासापायी, आणि तरीही त्यांचा प्रेक्षक हटत नाही. या दोन्ही गोष्टींची दखल परीक्षणांत घेतली जात नाही, म्हणून हे पत्र.

१९७८ सालचा ‘हॅलोवीन’ सुमारे तीन लाख डॉलरांत तयार झाला होता. खुन्याच्या चेहऱ्यावरचा मुखवटा ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा, दुकानातून विकत आणून पांढरा रंगवलेला होता. मुखवट्याआडचा हा माणूस नायिकेच्याच मागे का लागला आहे, याचे उत्तर चित्रपट देत नाही आणि सगळी भीती त्या न दिलेल्या उत्तरात आहे. १९८१ च्या दुसऱ्या भागात मात्र नायिका ही त्याचीच बहीण असल्याचे सांगण्यात आले आणि कोणाच्याही दारामागे उभा असू शकणारा खुनी एका घरच्या भाऊबंदकीपुरता उरला. हे नाते पुढे इतके जड झाले की २०१८ च्या चित्रपटाने ते सरळ बाजूला सारले.

याच्या उलटही घडते. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’च्या १९८० सालच्या पहिल्या भागात खुनी हा या मालिकेतला पुढे गाजलेला जेसन नसून त्याची आई आहे, आणि ज्या हॉकीच्या मुखवट्यावरून आज जेसन ओळखला जातो, तो मुखवटा येतो थेट १९८२ च्या तिसऱ्या भागात. म्हणजे हे भूत उत्तरभागांनीच घडवले. १९८४ चा चौथा भाग ‘अखेरचा अध्याय’ म्हणून विकला गेला आणि पुढच्याच वर्षी पाचवा आला! प्रेक्षकाला ही लबाडी कळत नव्हती असे मानण्याचे कारण नाही. तो ती समजून-उमजून तिकीट काढत होता.

ही रसिकता आम्हा सांगलीकरांना तरी परकी वाटू नये. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी येथे नाटक उभे केले, त्यानंतरच्या पौराणिक खेळांत राळेच्या भपक्यात ‘अलल्डुर्र’ करीत येणारा राक्षस मरणार, हे प्रेक्षकांना आधीच ठाऊक असे. आख्यान बदलले तरी राक्षसाचा प्रवेश तसाच असे आणि लोक त्या प्रवेशासाठीच बसत.

तुटपुंज्या पैशाने काही वेळा चांगली युक्तीही सुचते. ‘ईव्हिल डेड’मध्ये जंगलातून धावत येणारी अदृश्य शक्ती दाखवण्यासाठी कॅमेरा फळीवर बसवून ती दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून पळवली होती. १९८७ च्या दुसऱ्या भागाला पैसा जास्त मिळाला, तरी दिग्दर्शकाने तो धसमुसळेपणा सोडला नाही. त्याने भीतीत विनोद मिसळला, आणि माझ्या मते हा उत्तरभाग मूळ चित्रपटापेक्षा सरस आहे. उलट त्याच वर्षीच्या ‘सायलेंट नाइट, डेडली नाइट’च्या दुसऱ्या भागाचा पूर्वार्ध बव्हंशी पहिल्याच भागातल्या दृश्यांनी भरलेला आहे, याला मात्र प्रेक्षकाची फसवणूकच म्हटले पाहिजे.

आपल्याकडे रामसे बंधूंनी ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ (१९७२) शेजारच्या सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वरला, मोजक्या माणसांत चित्रित केला. ‘पुराना मंदिर’ (१९८४) चालल्यावर त्यातल्या राक्षसाचे नाव आणि तो साकारणारा उंचनिंच नट घेऊन पुढच्याच वर्षी ‘सामरी’ काढण्यात आला, तोही थ्रीडी. मराठीत ‘झपाटलेला’ (१९९३) नंतर तब्बल वीस वर्षांनी दुसरा भाग आला, तोही थ्रीडीच. तात्या विंचूचा बाहुला परतला, परंतु लक्ष्मीकांत बेर्डे हयात नव्हते. बाहुला तसा पहिल्या भागातही निर्जीवच होता. त्याला जीव आला होता तो त्याला पाहून बोबडी वळणाऱ्या लक्ष्यामुळे. थ्रीडीने बाहुला अंगावर आला, पण तशी बोबडी कोणाचीच वळली नाही. याबद्दल नव्या नटांना दोष देणे अन्यायाचे होईल.

म्हणून विनंती अशी की, आपल्या परीक्षकांनी तारे किती द्यायचे ते खुशाल ठरवावे, परंतु पहिला भाग न पाहता हा कळेल का, जुनी दृश्ये किती वापरली आहेत आणि भुताचे बालपण किती मिनिटे सोसावे लागते, एवढी माहिती तरी वाचकाला द्यावी.

आपला,
एक वाचक
विश्रामबाग, सांगली