जुळे सोलापूरचा फ्लॅट

गटिंगन, जर्मनी, 9 नोव्हेंबर

ती. आप्पा आणि आई,
नमस्कार.

जुळे सोलापूरच्या फ्लॅटचे फोटो बघितले. हवेशीर आहे, लिफ्ट आहे, आईच्या गुडघ्यांची सोय होईल, सगळं कबूल. पण आप्पा, कर्जाला माझं नाव लावू नका. फोनवर या विषयावर आपलं भांडणच होतं, म्हणून लिहितेय.

पगार चांगला आहे हे तुम्ही सगळ्यांना सांगता, ते खरंच आहे. पण विद्यापीठातला माझा संशोधकाचा करार 31 मार्चला संपतो. प्रोजेक्टचे पैसे संपले की जागा संपली, काम कसं केलं हे कुणी विचारत नाही. आजोबा मिलमध्ये बदली होते तेव्हा रोज सकाळी गेटवर उभे राहायचे, नाव पुकारलं तर काम. माझं गेट दोन वर्षांनी उघडतं, एवढाच फरक.

इथं 2007 चा कायदा आहे. विद्यापीठाला संशोधक पीएचडीआधी 6 वर्षं आणि नंतर 6 वर्षं मुदतीच्या करारावर ठेवता येतो. मूल असेल तर थोडी सवलत, बाहेरचा निधी असेल तर आणखी ओढता येतं. पुढं कायम करा, नाहीतर निरोप द्या. प्राध्यापक सोडले तर कायम जागा थोड्याच, त्यामुळं बहुतेकांना निरोपच मिळतो. एकाच पिढीनं जागा अडवून बसू नये, असं समर्थन सरकारी व्हिडिओत होतं! त्यातल्या हान्ना या पात्राचं नाव घेऊन 2021 मध्ये इथले संशोधक 'मीच हान्ना' म्हणत उठले. गाजावाजा झाला. माझ्या करारावरची तारीख काही हलली नाही.

केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रातल्या नोकरीचं तुम्ही दर वेळी काढता. टोमॅटोवरच्या ज्या जिवाणूंवर मी काम करते, डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा जिवाणू त्याच कुळातला, तेव्हा मला तर आवडेलच. पण शास्त्रज्ञ म्हणून लागायला एआरएसची, म्हणजे कृषी संशोधन सेवेची परीक्षा, आणि तिची खुल्या गटातली वयाची अट मी ओलांडलीय. मी 36 ची. वरच्या जागेची जाहिरात निघाली तर अर्ज करीन.

नेदरलँड्समध्ये काम करायला मारी क्युरी फेलोशिपला, म्हणजे युरोपियन युनियनच्या संशोधनवृत्तीला अर्ज केलाय, निकाल फेब्रुवारीत. गेल्या 3 वर्षांत 12 महिन्यांहून जास्त जिथं राहिलो, त्या देशासाठी ती मिळतच नाही. म्हणजे मिळाली तरी बोचकं बांधायचं, नवं घर, नवी भाषा.

नाहीच मिळाली तर बेकारी भत्ता आहे, निव्वळ पगाराच्या 60 टक्के. आई, उपाशी राहणार नाही. करार संपायच्या 3 महिने आधी नाव नोंदवावं लागतं, ते डिसेंबरात करते. व्हिसा मात्र नोकरीला बांधलेला, तो किती लांबवायचा हे इथले अधिकारी ठरवणार.

तेव्हा तुमच्या पेन्शनला झेपेल तेवढंच घर बघा. महिन्याचे पैसे मार्चपर्यंत नक्की येतील, पुढचं एप्रिलमध्ये सांगेन. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला येणार का, ते जानेवारीतल्या मुलाखतींवर आहे. तिकीट काढलं की कळवते, तोवर मामांना काही सांगू नका.

तुमची,
लेक